मोठ्या गाडीचा एक्सल

शालिकभाऊ भामरे यांचा स्वभाव सांगायचा तर एवढंच पुरे, की सुरतेच्या पांडेसऱ्यात पंचवीस वर्षं राहून त्यांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे दोन शब्द कोणी ऐकले नव्हते. चुका होत नव्हत्या असं नाही. पण चूक झाली की हा माणूस ती निस्तरायला असा काही भिडे, की ती मुळात केली कोणी हे विचारायची लोकांना आठवणच राहत नसे. विणायचा माग अडला, कापडावर पट्टा उठला, तर शालिकभाऊ जेवणखाण विसरून दोन दिवस मागाखाली आडवे पडत, आणि माग पहिल्यापेक्षा गोड चालवून दाखवत. मग शेठ म्हणायचा, वा मास्तर! बिघडवला कोणी, हा विषयच निघत नसे.

तर असे हे शालिग्राम उर्फ शालिकभाऊ. गाव खानदेशात, बेटावदजवळचं. एकोणिसाव्या वर्षी मामाच्या मागे सुरतेला आले, आधी माग चालवला आणि पुढे माग दुरुस्त करणारे मास्तर झाले. अठ्ठेचाळीस माग त्यांच्या हाताखाली होते. एक दिवस शेठने ते सगळे माग भंगारात काढून नवी मशीनं आणली. नव्या मशीनसोबत नवा शिकलेला मास्तर आला आणि शालिकभाऊ पंचेचाळिसाव्या वर्षी मोकळे झाले.

हिशेबाचे जे पैसे हातात आले त्यातून त्यांनी गाडी घेतली. फिकट निळी जुनी फियाट. बँकेतले सुधाकर देवधर बदली होऊन नाशिकला निघाले होते, त्यांची ती. देवधरांनी ती दर रविवारी पुसून पुसून अशी जपली होती, की आतल्या सीटना अजून प्लास्टिकचं कव्हर होतं. आता पांडेसऱ्यातल्या चाळीत मोटार कशाला हवी, तर शाळेसाठी. मराठी शाळा रेल्वे फाटकाच्या पलीकडे, मध्ये ट्रकांचा मोठा रस्ता. सकाळी घरातले बाप रात्रपाळीवरून यायचे असतात, आया साड्यांना टिकल्या लावायला बसलेल्या असतात, पोरांना सोडणार कोण? शालिकभाऊंनी सोडायचं ठरवलं. त्यातून चाळीतल्या निम्म्या मुलींची शाळा चालू राहिली, हे खरंच सांगायला हवं. आधी त्या तिसरी-चौथीनंतर घरीच बसायच्या.

गाडी चार-पाच माणसांसाठी बनलेली. तिच्यात अकरा पोरं बसत. कशी, ते विचारू नका. दप्तरं खिडकीबाहेर लटकत आणि सगळ्यात धाकटा गिअरच्या दांडीखाली मांडी घालून बसे. तेवढ्यावरही गाडी तक्रार न करता चालत होती. पण सकाळी पोरं सोडली की दुपारी ती आणायला जाईपर्यंत गाडी रिकामी उभी राहायची, आणि रिकामं काही उभं राहिलेलं शालिकभाऊंना पाहवत नसे. मग ते कापड रंगवून छापणाऱ्या प्रोसेस हाउसमधून साड्यांची गाठोडी भरून बायकांकडे घडी घालायला पोहोचवू लागले. गाठोडी डिक्कीत, गाठोडी मागच्या सीटवर, गाठोडी टपावरच्या कॅरिअरवर. कधी उशीर झाला की गाठोडी उतरवायला वेळ नसे. मग पोरांना त्यातच बसवायचं.

श्रावणातल्या एका दुपारी तसंच झालं. खाडीच्या पुलाआधी रस्त्याला उतार आहे. तिथे मागून काडकन् आवाज आला, गाडी डाव्या अंगाला बसली, आणि शालिकभाऊंना समोर दिसलं, की एक चाक आपल्या पुढून एकटंच धावत चाललंय. ते त्यांच्याच गाडीचं होतं हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. चाक चहावाल्याच्या बाकड्याला जाऊन टेकलं. गाडी फरफटत पंधरा-वीस हात गेली आणि थांबली. वेग नव्हता म्हणून निभावलं. पोरं घाबरून रडत होती, पण धडधाकट होती. फक्त मयुरीची हनुवटी पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटली होती. तिला दोन टाके पडले.

मयुरी सातवीतली. तिची आई इंदुबाई. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, आणि टिकल्या लावण्याचं काम सगळ्या चाळीत तीच आणून वाटायची, म्हणून दुपारी सगळ्या बायका तिच्याच ओट्यावर बसत. संध्याकाळी तिने शांतपणे गाडीतलं मयुरीचं दप्तर काढून नेलं. शालिकभाऊंना एका शब्दानं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्न वाजला तेव्हा एकही पोर बाहेर आलं नाही. इंदुबाई ज्या गाडीत आपली पोर बसवत नाही, तिच्यात दुसरी कोण बसवणार?

लोक मात्र शालिकभाऊंच्या बाजूनेच बोलत होते. गाडी जुनी, मागच्या दोन चाकांना जोडणारा एक्सल झिजलेला, त्यात या बिचाऱ्याचा काय दोष, असं जो तो म्हणे. शालिकभाऊ ऐकून घेत. मान हलवत. गाठोडी त्याच संध्याकाळी एका हातगाडीवर लादून पोहोचती केली होती, आणि ती गाडीत होती हे कोणाला माहीत नाही असं ते धरून चालले होते. त्यांच्या हिशेबानं माहीत होतं फक्त त्यांच्या बायकोला, उषाबाईंना. त्या नवऱ्याला जेवायला वाढताना काही म्हणत नसत, पण भाकरी अशी ठेवत की ताटाचा आवाज यावा.

मुलं पायी शाळेत जाऊ लागली. म्हणजे मोठे मुलगे गेले, मुली घरीच राहिल्या. मयुरी आईशेजारी बसून साडीला टिकल्या चिकटवू लागली. गौरी-गणपतीनंतर शाळेतून निरोप आला, की दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मुलगी आली नाही तर नाव काढावं लागेल. हा निरोप शालिकभाऊंना कळला त्या दिवशी ते अंगणात दातवण करत होते. ते तसंच तोंडात राहून गेलं. ती पोर हुशार होती. गाडीत पाढे मोठ्यानं म्हणून बाकीच्यांचे पाठ करून घ्यायची. तिचं नाव शाळेच्या पटावरून निघालं तर ते आपण काढलं, हे त्यांना पक्कं कळत होतं. कळत होतं, पण बोलायचं कसं, तेवढं कळत नव्हतं.

मग त्यांनी आपल्या जुन्या पद्धतीनं ठरवलं. बोलायचं नाही. काम करून दाखवायचं.

उधन्याच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, की याच गाडीचा नवा एक्सल घाला, दोन दिवसांचं काम. शालिकभाऊंना ते पटेना. तोच एक्सल घातला तर लोक म्हणतील, पुन्हा तुटेल. त्यांना असा एक्सल हवा होता, की ज्याकडे पाहूनच इंदुबाईचा विश्वास बसावा. अँबॅसिडरचा. जाडजूड दांड्या, जाडजूड नळी आणि मधला तो भलामोठा गोळा, ज्यात दातेरी चाकं असतात. चार बायकांनी पाट्यावर ठेवून वाटलं तरी चेपणार नाही असं लोखंड. उषाबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "एक्सल बदलशात. पन बोलशात कव्हय?" म्हणजे, बोलणार कधी? शालिकभाऊ डबा घेऊन बाहेर पडले.

कडोदऱ्याला हायवेच्या कडेला मगनभाईचं भंगाराचं आवार होतं. तिथे एक अपघातातली अँबॅसिडर पुढून चपटी झालेली होती, मागून मात्र धड. शालिकभाऊंनी तिच्या मागच्या एक्सलला हात लावून, वाकून, ठोकून, नखानं घासून पाहिलं. मगनभाई खाटेवरूनच म्हणाला, "लई जाव काका. हाथी बेसाडशो तोय नहीं तूटे." हत्ती बसवला तरी तुटणार नाही. शालिकभाऊंना हत्तीशी कर्तव्य नव्हतं, पण त्या वाक्यानं त्यांच्या जिवाला फार बरं वाटलं. टेम्पोत एक्सल चढवला तेव्हा ते स्वतः त्याच्या शेजारी मागे बसून आले, जसं काही नवरीला सासरी आणतायत.

आता खरं काम. मोठ्या गाडीचा एक्सल लहान गाडीच्या मानानं रुंद. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं जास्त. तसाच बसवला तर चाकं बाहेर येऊन मडगार्डला घासणार. म्हणून नळी दोन्हीकडून कापायची, पुन्हा वेल्डिंगनं जोडायची, आतल्या दांड्या कापून त्यांच्या टोकाला नव्या खाचा पाडायच्या, चाकाच्या ड्रमला फियाटच्या मापाची भोकं पाडायची, आणि एक्सल गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांना जिथे धरतात त्या बैठका जुन्या काढून नव्या लावायच्या. हे मोटार मेकॅनिकचं काम. शालिकभाऊ मागांचे मास्तर. पण लोखंड ते लोखंड, असं त्यांचं म्हणणं होतं. जोडीला निंबा होता, त्याच चाळीतला. त्याचं लेथ आणि वेल्डिंगचं दुकान, मागांचे सुटे भाग करायचं. निंबा कामात वाघ, पण शालिकभाऊंना वडिलांसारखं मानायचा. त्यामुळे त्यांना उलट विचारायची त्याला सवय नव्हती.

काम मात्र देखणं चाललं. माग सरळ बसवायला मास्तर लोक जे करतात तेच शालिकभाऊंनी केलं. ताण्याचा, म्हणजे कापडातल्या उभ्या सुताचा, पक्का धागा घेतला, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ताणला, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली काढून ताणला. दोन्ही धागे एका मापाचे आले तरच एक्सल सरळ. सुताच्या जाडीएवढा फरक निघाला तरी ते पुन्हा सोडवायला लावत. रस्त्यावरून जाणारे मेकॅनिक थांबून हसायचे, आणि जाताना मान हलवून जायचे, कारण माप कुठेच चुकलेलं नसे.

चुकलं ते मापात नाही.

दांड्या कापल्यावर दोन्ही सारख्या राहिल्या नव्हत्या. कोणती कोणत्या बाजूची ते कळावं म्हणून शालिकभाऊंनी एक्सलच्या टोकांवर खडूनं लिहिलं, एकीकडे 'डा', एकीकडे 'उ'. पंचवीस वर्षं त्यांनी माग लावले होते. मागांत डावा माग असतो, उजवा माग असतो, आणि डावं-उजवं ठरतं ते विणकर मागासमोर तोंड करून उभा राहिला की त्याच्या हातावरून. शालिकभाऊ तसेच उभे राहिले. एक्सल दुकानात जमिनीवर होता, त्याचं नाकाड, म्हणजे इंजिनाकडून येणारी लांब दांडी जिथे जोडतात ते टोक, त्यांच्याकडे होतं. ते समोर उभे राहिले आणि आपल्या डाव्या हाताला आलं त्या टोकावर 'डा' लिहिलं. मोटारवाला असं करत नाही. त्याचं डावं-उजवं सीटवर बसल्यावरचं असतं, नाकाडाच्या मागून.

बसवताना नाकाड पुढेच राहायला हवं. आणि 'डा' गाडीच्या डावीकडे. दोन्ही जमवायचं तर एक्सल पालथा करावा लागतो, आणि शालिकभाऊंनी तो केला. जुन्या बैठका कापून टाकल्या होत्या, त्यामुळे वरची बाजू कोणती हे सांगायला त्या लोखंडावर काही उरलं नव्हतं. होती ती एक तेलाच्या बुचाची जागा. ती वर आली. निंबानं भीत भीत विचारलं, की हे बूच खाली असायला नको का. शालिकभाऊ म्हणाले, तेल वरूनच टाकतात. निंबानं वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली आणि बैठका चिकटवून टाकल्या.

दिवाळीच्या आधीचा रविवार. कारखाने बंद, चाळ घरी. शालिकभाऊंनी मुद्दामच तो दिवस धरला होता. गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. सगळे जमले. इंदुबाईसुद्धा ओट्यावर आली, साडीवरची नजर वर केली. मयुरी तिच्या मागे उभी होती. हनुवटीवरची खूण अजून लाल होती. शालिकभाऊंनी ती पाहिली आणि नजर फिरवली. मागे निंबा उभा होता, नव्या एक्सलचं कौतुक बघायला. गाडी पुढे जाणार, तेव्हा मागे उभं राहण्यात काय धोका?

शालिकभाऊंनी इंजिन चालू केलं, स्टिअरिंगजवळची दांडी ओढून पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी झपकन् मागे गेली.

निंबा गटारात उडी मारून वाचला. गाडी त्याच्या दुकानाबाहेरच्या पिंपाला धडकली आणि पिंप गडगडत गेलं. शालिकभाऊंना वाटलं, घाईत उलटा गिअर पडला. त्यांनी दांडी नीट पाहिली, पहिलाच. पुन्हा सोडला. गाडी पुन्हा मागे. दुसरा टाकला, मागे आणि जरा जोरात. शेवटी रागानं रिव्हर्स टाकला, तर गाडी डौलात पुढे निघाली. चाळीत असा हशा उठला, की पलीकडच्या गल्लीतले लोक बघायला आले. हत्ती बसवला तरी तुटणार नाही असा एक्सल तुटला नव्हताच. फक्त सगळ्या गाडीचा प्रवास उलटा झाला होता.

शालिकभाऊ खाली उतरले, गाडीखाली सरपटले आणि ते बूच पाहिलं. पाहिल्याबरोबर त्यांना सगळं उलगडलं: एक्सल पालथा बसला होता, म्हणून चाकं उलटी फिरत होती. खडूची 'डा' अजून दिसत होती. ते बाहेर आले तेव्हा तोंडावर तेल होतं आणि मान खाली. निंबा गटारातून चढत चढत म्हणत होता, की वेल्डिंग माझं, मीच बघायला हवं होतं. शालिकभाऊंनी त्याला हातानं थांबवलं. म्हणाले, नाही, डावं-उजवं मी लिहिलं, मागासारखं लिहिलं, चूक माझी. हे ते एवढ्या सहज बोलून गेले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. तोंडातून निघाल्यावर काही कोसळलं नाही. उलट लोक अजून हसत होते, आणि ते हसणं वाईट नव्हतं.

तेवढ्यात गल्लीतले दत्तू आप्पा पुढे आले. वयस्कर, दयाळू माणूस. त्यांनी शालिकभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या शालिकभाऊ. मांगे चाक निंघनं तव्हयबी तुम्हना काय दोष व्हता? गाडीच जुनी."

दोन महिने शालिकभाऊ याच वाक्यावर जगत होते. रोज कोणीतरी ते म्हणायचं आणि रोज ते मान हलवायचे. आज त्यांना ती मान हलवताच येईना. त्यांनी आप्पांचा हात खांद्यावरून खाली घेतला.

"दोष मन्हाच व्हता, आप्पा," ते म्हणाले. "डिक्कीमा गाठोडा व्हतात, वर कॅरिअरवर गाठोडा व्हतात, आनि तेमाच अकरा पोरे बसाडेल व्हतात. चाक गाडीमुये नही निंघनं. मन्हामुये निंघनं."

हशा थांबला. उषाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं. शालिकभाऊंना वाटलं, संपलं आता. एवढं करून, एवढा एक्सल कापून-जोडून, शेवटी आपल्याच तोंडानं घालवलं. आता कोण पोर पाठवणार?

इंदुबाई ओट्यावरून उतरली. मांडीवरच्या टिकल्या झटकल्या. हळूहळू चालत त्यांच्यासमोर आली.

"माले पहिल्या दिनपाईन माहीत शे," ती म्हणाली. "मयुरीनी त्याच दिन सांगेल व्हतं, पाय ठेवाले जागा नही व्हती. मी तुम्हना तोंडतून ऐकाकरता थांबेल व्हतू. जो चूक सांगत नही, तेन्हा हातमा पोर कशी देऊ?"

एवढे दिवस तिला माहीत होतं. एवढे दिवस ती रोज समोरून पाण्याला जायची, आणि हे आपले एक्सल घासत बसले होते. त्यांनी हात जोडले. इंदुबाईला ते आवडलं नाही, तिने मान वळवली आणि सरळ व्यवहारावर आली. गाठोडी यापुढे भरणार का? नाही, एकही नाही. पोरं किती बसवणार? शालिकभाऊ म्हणाले, सात. ती म्हणाली, सहा. ते म्हणाले, सहा, आणि दोन फेऱ्या. मग ती परत ओट्यावर जाऊन बसली, आणि जाता जाता एवढंच म्हणाली, की आधी ती गाडी पुढे चालवून दाखवा.

एक्सल पुन्हा काढला. बैठका पुन्हा कापल्या, एक्सल सुलटा केला, धागे पुन्हा ताणले. या खेपेला शालिकभाऊंनी निंबाला बजावून सांगितलं, की मला काही खटकलं नाही तरी तुला खटकलं तर बोल. निंबाला हे इतकं नवीन होतं की तो प्रत्येक बोल्टला बोलू लागला. दिवसाला वीस वेळा विचारी, हे असंच ना? शालिकभाऊ वीस वेळा गाडीखालून डोकं काढून पाहत. त्यात एकदा निंबाचं खरंच बरोबर निघालं. ब्रेकची नळी पाट्याला घासत होती. ती बांधून दुसरीकडून घेतली. रात्री शालिकभाऊ गाढ झोपू लागले, हे उषाबाईंनी पहिल्यांदा शेजारणीला सांगितलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी पुन्हा गल्लीत उभी राहिली. या वेळी माळ नव्हती, नारळ नव्हता. शालिकभाऊंनी पहिला गिअर टाकला आणि गाडी पुढे गेली. निंबा या खेपेला गाडीच्या बाजूला उभा होता, तरीही दोन पावलं मागे सरला. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, वळून, परत आली.

ओट्यावरून इंदुबाई उठली. तिने हाक मारली तशा आणखी पाच बायका उठल्या. सहाच्या सहा जणी गाडीत शिरल्या, दोघी पुढे, चौघी मागे. पांडेसऱ्यातल्या बायका काही पोरांएवढ्या नव्हेत. मागचे पाटे खाली बसले, एक्सल कुरकुरला नाही. शालिकभाऊंना घाम फुटला. इंदुबाई त्यांच्याशेजारी बसली होती, मांडीवर हात ठेवून. म्हणाली, शाळेपर्यंत चला.

ते निघाले. फाटकापाशी गाडी थांबली, मालगाडी जाऊ दिली. रुळांवरून जाताना मागच्या बायकांनी एकमेकींना धरलं. एक जण हसायला लागली, मग सगळ्या हसायला लागल्या, कारण मोटारीत बसून फिरायला जायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. कोणीतरी विचारलं, की एवढ्यात परत जायचं? पुढे उधन्याच्या बाजारातून घ्या ना. इंदुबाईने तिला दटावलं. शाळेचं फाटक बंद होतं, शिपाई झाडलोट करत होता. त्यानं या सहा बायका आणि एक घामेजलेला माणूस पाहून झाडू हातातच धरला. गाडी वळवून ते परत निघाले.

खाडीच्या उतारावर शालिकभाऊंचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी अगदी चालत्या माणसाच्या गतीनं उतरू लागली. त्यांचे कान मागच्या आवाजाकडे होते. आवाज आला नाही. नुसता टायरचा, रस्त्यावरचा, रोजचा. गाडी पुलावर आली आणि पुढच्या चढावर नीट चढली. तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला, एवढ्या मोठ्यानं, की इंदुबाईनेही ऐकलं असावं.

गल्लीत आल्यावर बायका एकेक करून उतरल्या, पदर सावरले, आपापल्या कामाला गेल्या. इंदुबाई शेवटी उतरली. दार लावलं. दोन पावलं गेली आणि वळून खिडकीपाशी आली.

"सकाय कितीले येशात?" तिने विचारलं. उद्या किती वाजता याल?

"साडेसहाले," शालिकभाऊ म्हणाले.

ती गेली. शालिकभाऊ गाडीतून उतरले नाहीत. चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि तसेच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या मनातही आलं नाही. समोरच्या ओट्यावर मयुरी आईच्या शेजारी बसून वह्यांना कव्हरं घालत होती.